पाणी कुठे मुरतं

'मुरणं' हे मराठीतलं मोठं कामाचं क्रियापद आहे. लोणचं मुरतं, पाऊस जमिनीत मुरतो, आणि एखाद्या व्यवहाराचा संशय आला की आपण म्हणतो, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. गेली वीसेक वर्षं मी जे काम करते ते या तिन्ही अर्थांशी बांधलेलं आहे. जमिनीत जे मुरायला नको होतं ते मुरलं, की ते बाहेर काढायचं. आणि बाहेर काढताना जे पाणी खराब होतं, ते निवळायचं.

या कामाचा दुसरा भाग लोकांना सहसा माहीत नसतो. जमीन साफ केली म्हणजे काम संपलं असं वाटतं. प्रत्यक्षात जमीन साफ करायच्या ज्या दोन सरळ वाटा आहेत, त्या दोन्ही पाण्यापाशीच येऊन थांबतात. माती खणून धुतली तर धुण्याचं पाणी उरतं. माती जागेवर ठेवून खालचं भूजल उपसलं तर उपसलेलं पाणी उरतं. मातीतलं विष आता पाण्यात आलेलं असतं. माझं काम तिथून सुरू होतं.

विदर्भातल्या एका गावाजवळ मी दोन वर्षं असं काम केलं. रस्त्याकडेच्या पेट्रोलपंपाची जमिनीखालची टाकी कधीतरी गळायला लागली होती. किती दिवस गळत होती ते कुणीच नीट सांगितलं नाही. पंपामागे एका शेतकऱ्याची संत्र्याची बाग. उन्हाळ्यात त्याच्या विहिरीतून पेट्रोलचा वास यायला लागला, तेव्हा गोष्ट उघड झाली.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. ते जमिनीतून उतरत भूजलापर्यंत पोचतं आणि त्यावर तरंगत राहतं. ते तसंच एका जागी तरंगत राहिलं असतं तर काम सोपं होतं. पण आपल्याकडे पावसाळ्यात भूजल वर चढतं, उन्हाळ्यात खाली जातं, आणि दर वर्षी ते पेट्रोलचा थर स्वतःबरोबर वर-खाली ओढतं. काळ्या मातीत, खालच्या मुरुमात, त्याखालच्या बेसाल्टच्या भेगांत तो थर सारवल्यासारखा पसरतो. बराचसा भाग थेंबाथेंबाने मातीच्या छिद्रांत अडकून बसतो. पंपाने तो ओढून निघत नाही. मात्र त्यातलं बेंझीन वगैरे हळूहळू पाण्यात विरघळत राहतं. पिण्याच्या पाण्यात बेंझीन लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपर्यंतच असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्या विहिरीत त्याच्या कितीतरी पट बेंझीन होतं.

आम्ही बोअर घेतले, पाणी उपसायला लागलो. आधी टाकीत वरचं तेल वेगळं करायचं. मग पाणी एका उंच नळकांड्यात वरून सोडायचं आणि खालून हवा फुंकायची, म्हणजे उडून जाणारी द्रव्यं हवेबरोबर निघतात. मग वाळूची गाळणी. आणि शेवटी सक्रिय कोळसा, नारळाच्या करवंटीपासून केलेला. हा कोळसा चिमूटभर घेतला तरी त्याच्या आत न दिसणाऱ्या इतक्या भेगा असतात, की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजारेक चौरस मीटर भरतो. उरलंसुरलं बेंझीन तिथं जाऊन चिकटतं. खालच्या तोटीतून येणारं पाणी काचेसारखं असतं.

त्या तोटीशी उभं राहून शेतकऱ्याने मला विचारलं, "ते सारं बराबर आहे जी ताई. पण हे पाणी सोडसान कुठं?"

मी त्यांना प्रयोगशाळेचा कागद दाखवला. पाणी नाल्यात सोडायला परवानगी होती आणि सगळे आकडे मर्यादेच्या आत होते. त्यांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "आधी यांच्याच झाडाईले घाला. एक पावसाळा, एक उन्हाळा. मंग पाहू."

पाण्याचा निकष म्हणून हे अडाणीपणाचं नव्हतं. आपल्याकडच्या सांडपाण्याच्या मानकांतही एक कसोटी अशीच आहे: निव्वळ त्या पाण्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनी शंभरातले निदान नव्वद जिवंत आहेत का ते पाहायचं. आकड्यांच्या पलीकडे जाऊन, यात जीव जगतो का, असा तो प्रश्न आहे. शेतकऱ्याने माशांच्या जागी झाडं धरली आणि तासांच्या जागी ऋतू. आम्ही ते पाणी वर्षभर पंपाच्या मालकाच्याच आवारातल्या झाडांना घातलं. झाडं जगली. नंतर शेतकऱ्याने पाणी बागेच्या कडेच्या दोन ओळींना घेतलं, विहिरीला मात्र कधीच घेतलं नाही. माझी त्यावर तक्रार नव्हती.

त्यांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. "आन् तो कोळसा?"

कोळसा काही महिन्यांत भरून जातो. मग तो पिंपांत बंद करून घातक कचरा म्हणून पाठवायचा. आमची पिंपं बुटीबोरीला गेली. बुटीबोरी नागपूरपासून तीसेक किलोमीटरवर, आणि मी नागपूरची. म्हणजे त्या बागेखालचं थोडं पेट्रोल हवेत गेलं, थोडं पिंपांत बसून माझ्या शहराकडे आलं, आणि बरंचसं अजून तिथंच मातीत आहे. पंप बंद केल्यावर पहिले दोन महिने विहिरीचे आकडे छान होते. तिसऱ्या महिन्यापासून ते परत वर चढायला लागले. मातीत अडकलेलं पुन्हा पाण्यात उतरत होतं. आम्ही उपसा पुन्हा सुरू केला.

हे सगळीकडेच होतं. अमेरिकेत १९८० साली दूषित जागा साफ करण्याचा कायदा झाला आणि उपसून शुद्ध करण्याची पद्धत तिथं शेकडो ठिकाणी वापरली गेली. १९९४ साली तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अशा ७७ जागांचा आढावा घेतला, तर बहुतेक ठिकाणी ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं गेलेलंच नव्हतं. यंत्रं नीट चालत होती, पाणी नीट निवळत होतं, पण जमीन मुरलेलं सोडायला तयार नव्हती.

त्या कामाच्या मधल्या सुट्टीत मी कुंभकोणमला गेले. माझ्या नवऱ्याच्या आत्या तिथल्या तंजावर मराठी घरात दिलेल्या. त्यांच्या घरात तिन्हीसांजेला मराठी स्तोत्रं म्हटली जातात आणि हिशेब तमिळमध्ये होतात. जेवणात डांगर पच्चडी असते. त्या भागात मराठी माणसाला फार परकं वाटत नाही. १७९८ साली तंजावरच्या गादीवरून दूर झाल्यावर अमरसिंह राजे जवळच्या तिरुविडैमरुदूरलाच येऊन राहिले होते. त्याच तालुक्यात तिरुनीलक्कुडी आहे. आत्याबाईंनी मला एका सकाळी तिथं नेलं.

गाव लहान, भातखाचरांच्या मधोमध. देऊळ नीलकंठेश्वराचं. अप्परांनी गायलेल्या शिवस्थळांपैकी एक. तिथली कथा अशी: समुद्रमंथनातलं हलाहल शिवाने प्यायलं, ते कंठात अडलं, आणि दाह शमावा म्हणून देवीने त्याला तेल लावलं. म्हणून इथं लिंगाला तिळाच्या तेलाचा अभिषेक होतो. भाविक सांगतात, कितीही तेल ओता, ते लिंगात जिरतं. दुसऱ्या दिवशी पाहावं तर दगड कोरडा आणि खरखरीत.

आम्ही गेलो तेव्हा अभिषेक चालू होता. तमिळमध्ये तिळाच्या तेलाला नल्लेण्णै म्हणतात, चांगलं तेल. दिव्याच्या उजेडात ते तांब्यातून धारेने उतरत होतं. माझी धंद्याची खोड अशी, की मी दगडाची छिद्रं, तेलाचा दाटपणा, गाभाऱ्यातली ऊब यांचा विचार करत उभी होते. आत्याबाई हात जोडून उभ्या होत्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, तेल कुठं जात असेल हो?"

"जाईल कोठे? आत आहे."

"आणि विष?"

"तेंही आत आहे. म्हणून तर रोज तेल."

मला वाटतं, माझ्या कामाविषयी इतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. नीलकंठाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो ती त्यागाची म्हणून. त्याने विष गिळलं नाही, थुंकलंही नाही. गिळलं असतं तर तो संपला असता आणि थुंकलं असतं तर जग. पण तिरुनीलक्कुडीची कथा तिथं थांबत नाही. विष कंठात धरलं तरी ते विषच राहतं, त्याचा दाह होत राहतो, आणि जो ते धरून बसला आहे त्याची कुणीतरी रोज काळजी घ्यावी लागते, असं ती पुढे सांगते. तिथं तेल म्हणजे देखभाल.

परतताना बसमध्ये आम्ही शब्दांकडे वळलो. मी म्हटलं, आमच्याकडे तेल 'मुरलं' म्हणतात. आत्याबाई म्हणाल्या, तमिळमध्ये 'ऊरु'. लोणच्याला ऊरुगाय म्हणतात ते त्यातूनच, मुरलेलं फळ. दोन्ही भाषांना मुरण्यासाठी लोणचंच आठवावं याचं मला हसू आलं. पण त्या पुढे म्हणाल्या, विहिरीत पाणी खालून पाझरून वर येतं, त्यालाही ऊरु म्हणतात.

आपलं मुरणं खाली जातं आणि तिथं संपतं. तमिळ शब्दाला दोन दिशा आहेत: आत जाणं आणि पुन्हा पाझरून वर येणं. संत्र्याच्या बागेतले आकडे तिसऱ्या महिन्यात वर चढले, ते याच दुसऱ्या दिशेने. आमच्या तांत्रिक भाषेत त्याला 'रिबाउंड' म्हणतात. त्यापेक्षा ऊरु बरा. त्यात आश्चर्य नाही. मुरलेलं वर येणारच, हे शब्दालाच ठाऊक आहे.

तेलाचा विषय निघाला तेव्हा आत्याबाईंनी कदिरामंगलमची आठवण काढली. ते गावही तिरुविडैमरुदूर तालुक्यातलंच. ३० जून २०१७ रोजी तिथं ओएनजीसीची जमिनीखालची तेलवाहिनी फुटली आणि भातशेतीत कच्चं तेल पसरलं. लोक जमले, लाठीमार झाला, माणसं तुरुंगात गेली, आणि आंदोलन पुढे बरेच महिने चाललं. गावकऱ्यांचा राग त्या एका गळतीपुरता नव्हता. शेताखालून काय जातं आहे आणि आपल्या पाण्यात काय मुरतं आहे, हे आपल्याला कुणी सांगत नाही, असा तो राग होता. मराठीत म्हणायचं तर, कुठंतरी पाणी मुरतंय. २०२० साली तमिळनाडूने कावेरीच्या खोऱ्यातला मोठा भाग संरक्षित कृषिक्षेत्र म्हणून जाहीर करणारा कायदा केला, त्यामागे अशा अनेक गावांचा रेटा होता.

आत्याबाईंचे यजमान शेतीतले. त्यांना मी आमची पद्धत सांगितली: तेलकट माती उचलायची, तेल खाणारे जिवाणू मिसळून ती महिनोन्महिने उलटीपालटी करायची, नाहीतर धुवायची आणि धुण्याचं पाणी शुद्ध करायचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर हात केला. सगळीकडे सपाट खाचरं आणि त्यांतून जाणारा पाट. "इथं उताराच नाही," ते म्हणाले, "आमच्या पाटात सोडलेलं पाणी या शेतातून त्या शेतात, तिथून पुढच्या गावात, आणि शेवटल्या टोकाला जो आहे त्याच्याकडे. त्याला विचारलं का तुम्ही?"

विदर्भातला शेतकरी आणि कावेरीकाठचा शेतकरी, दोघांची एकमेकांशी कधी भेट होणार नाही. प्रश्न मात्र एकच होता. स्वच्छ झालं का, असं त्यांनी विचारलं नाही. कुणाकडे गेलं, असं विचारलं.

हा प्रश्न घेऊन आपल्याकडची मोठी उदाहरणं पाहिली की ती वेगळी दिसतात. कोडैकानलचा पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना २००१ साली बंद झाला. पारा मिसळलेला सुमारे २९० टन काचकचरा २००३ साली जहाजाने अमेरिकेला गेला. कारखाना मुळात तिथूनच १९८०च्या दशकात इकडे आलेला होता, त्यामुळे निदान तेवढी परतफेड तरी न्याय्य झाली. उरली आवारातली माती. तिच्यासाठी माझ्याच शहरातल्या 'नीरी'ने आराखडा केला: माती धुवायची आणि ज्यात पारा साठतो तो बारीक गाळ तापवून त्यातून पारा काढायचा. किलोमागे किती मिलिग्रॅम पारा राहिलेला चालेल, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. २० हा आकडा ठरला. तो फार सैल आहे, खाली पांबर शोलाचं जंगल आणि ओढे आहेत, असं तिथल्या कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. मला तो वाद आकड्याचा वाटत नाही. मातीत राहिलेला पारा कुणाच्या वाट्याला जाणार, याचा तो वाद होता.

राणीपेटला क्रोमेटच्या बंद कारखान्यामागे दोन लाख टनांच्या आसपास क्रोमियमचा कचरा उघड्यावर पडून राहिला. पावसात त्यातून पिवळं पाणी झिरपतं. क्रोमियमचं शुद्धीकरण मला नेहमी स्वयंपाकासारखं वाटतं. पिवळ्या पाण्यात हिराकस घालायचा, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप बदलून सौम्य होतं. मग चुना. पाण्यात हिरवट-तपकिरी कण जमतात, खाली बसतात आणि वर निवळ पाणी राहतं. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून घालायची पद्धत महाराष्ट्रात होती. तमिळनाडूतही ती होती, ते बी तिथं तेत्तान्कोट्टै म्हणून मिळतं. तत्त्व जवळजवळ तेच. फरक इतकाच, की निवळीने खाली बसलेला गाळ परसात फेकता येई. क्रोमियमचा गाळ दाबून, वाळवून, प्लॅस्टिकच्या अस्तरांच्या खड्ड्यात पुरावा लागतो.

आणि भोपाळ. युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा दुर्घटनेनंतर ४० वर्षांनी, जानेवारी २०२५मध्ये, बंद ट्रकांतून पीथमपूरला नेला. तिथं लोक रस्त्यावर आले. जूनअखेर तो जाळून झाला. जाळताना चुन्यासारखी द्रव्यं मिसळावी लागतात, त्यामुळे मागे राहिलेली राख मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरली. तीही कुठंतरी ठेवायचीच आहे. कारखान्याभोवतालच्या जमिनीतलं आणि भूजलातलं विष तर ट्रकांत चढलंच नाही.

या सगळ्याचा अर्थ ही शुद्धीकरणं फोल आहेत असा नाही. बागेच्या विहिरीत आज जे बेंझीन आहे ते आम्ही सुरुवात केली तेव्हाच्या तुलनेत फार कमी आहे. शेतकऱ्याची नात त्या काठावर खेळते आणि कुणाचं डोकं दुखत नाही. हजारो लिटर पाण्यात पसरलेलं विष चार पिंपांत मावलं, हे मी मोठं काम समजते. पसरलेल्या विषावर पहारा ठेवता येत नाही. पिंपावर ठेवता येतो. कंठ लहान असतो, हाच त्याचा उपयोग.

पण मग पहारा ठेवायला हवा. बुटीबोरीसारख्या ठिकाणी घातक कचऱ्याचा खड्डा भरून बंद केल्यावरही त्याची तीस वर्षं देखभाल करायची असते. खड्ड्याच्या तळाशी झिरपून जमणारं पाणी उपसायचं, ते पुन्हा शुद्ध करायचं, त्यातून पुन्हा गाळ निघतो, तो पुन्हा आत. आजूबाजूच्या निरीक्षण-विहिरींचं पाणी ठरावीक काळाने तपासायचं. तीस वर्षांनंतरही विष आतच असेल. तेव्हा ते कुणी पाहायचं? जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम पहिल्यांदाच काढले. जागा कशी शोधायची, खर्च कुणी करायचा, हे त्यांत आहे. ज्याच्या दारात अखेरीस पिंप येणार त्याचं नावही अशा कागदांवर असावं आणि त्याची संमतीही, असं मला वाटतं.

मी आता नवीन कामाच्या पहिल्याच बैठकीत एक तक्ता मागते. किती विष आहे हा त्यातला पहिला रकाना. बाकीचे चार आहेत: हवेत किती जाणार, पाण्यात किती राहणार, गाळ आणि कोळशात किती बसणार, मातीत किती उरणार. बेरीज जुळली पाहिजे. जुळली नाही, तर कुठंतरी पाणी मुरतंय. आणि प्रत्येक रकान्यापुढे गावाचं नाव लिहायचं. सुरुवातीला लोक कुरकुरतात, गावांची नावं कशाला म्हणतात. मी लिहून घेते. माझ्या तक्त्यांत बुटीबोरीचं नाव वारंवार येतं. त्या बाजूला ज्यांची शेतं आहेत, त्यांच्या विहिरींच्या तपासणीचे अहवाल मी दर सहा महिन्यांनी मागवून वाचते. ते माझं नेमून दिलेलं काम नाही. पण विष त्यांच्याजवळ ठेवायला मी पाठवलं आहे, तेव्हा रोजच्या तेलातला थोडा वाटा माझ्याकडेही येतो.